बारा डिग्री

शनिवारी रात्री नऊ-साडेनऊला माझा फोन वाजला की आमची ही न विचारताच टीव्हीचा आवाज कमी करते आणि माझ्या ताटावर दुसरं ताट झाकते. पलीकडे कुठल्या तरी परमिट रूमचा मॅनेजर असतो. "भाऊ, कूलिंग येत नाही. गिऱ्हाईक बाटली परत करतंय." एकतीस वर्षं हेच ऐकतोय. लालबाग, परळ, करी रोड, भायखळा या पट्ट्यातले बॉटल कूलर, डीप फ्रीझर आणि बर्फाची मशीनं मी बघतो. माझी चूल मुंबईकरांच्या थंड बिअरवर पेटते म्हणा ना.

आणि मुंबईकर आधी थंडपणा पितो, बिअर नंतर. वेटरने बाटली ठेवली की कोणी लेबल वाचत नाही, हाताची पालथी बाजू लावून बघतात. काही जण गालाला लावतात. "चिल्ड नाही," एवढं म्हटलं की बाटली परत. मे महिन्यात वेटर थर्मोस्टॅट फुल्ल करून ठेवतात, मग मागच्या रांगेतल्या बाटल्या गोठून फुटतात आणि खापर माझ्या डोक्यावर. दोन ते चार डिग्री हे माझं माप. बाटलीला हात लावून आकडा सांगतो, एखाद डिग्रीचा फरक पडला तर पडला.

हे सगळं आधी सांगतोय, कारण गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला गेलो तेव्हा याच हाताने माझी फजिती केली.

जावई हौशी. बिअरमधलं त्याला कळतं, निदान कळतं असं तो म्हणतो. पहिल्यांदा तो मला चॅरिंग क्रॉस स्टेशनजवळच्या 'द हार्प'मध्ये घेऊन गेला. २०१० सालचा देशातला सर्वोत्तम पब म्हणून निवडला गेलेला, आणि तो मान मिळालेला लंडनमधला पहिलाच. जागा म्हणाल तर आपल्या चाळीतल्या दोन खोल्या लांबीला जोडाव्यात तेवढी. संध्याकाळी साडेपाचची वेळ, ऑफिसं सुटलेली, माणसं ग्लास घेऊन रस्त्यावर उभी. विरार फास्टच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटलं. गुडघ्याने दाद दिली नाही, आम्ही निघालो.

दोन दिवसांनी दुपारी दुसऱ्या पबात गेलो. फ्लीट स्ट्रीटच्या मागे बोळात आहे. नाव लिहीत नाही, पुढे कळेलच का ते. आत काळपट लाकूड, जमिनीवर झिजलेल्या फरश्या, दिवसासुद्धा दिवे लागलेले. वेटर नाही. आपण काउंटरवर जायचं, पैसे टाकायचे, ग्लास उचलून आणायचा. चखना म्हणून कोणी शेंगदाण्याची वाटीही पुढे सरकवत नाही. आणि काउंटरवर ओळीने सहा हापसे! अक्षरशः हापसे. उंच लाकडी दांडा, तो पोरगी दोन्ही पाय रोवून स्वतःकडे ओढते आणि नळीतून ग्लासात बिअर येते. एका ओढीत साधारण अर्धा ग्लास. गावच्या बोअरवेलवर पाणी भरलेल्या माणसाला ती लय लगेच ओळखू येते.

मी पाइंट मागितला. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली. तिथे पाइंट म्हणजे ५६८ मिली, काठोकाठ. तांबूस रंग, वर पातळसा फेस. ग्लास हातात घेतला आणि हाताने आकडा सांगितला: बारा. फार तर तेरा.

जावयाच्या कानात म्हटलं, "यांचं मशीन बंद पडलंय. सांग त्यांना."

"बाबा, ही अशीच असते."

"अशीच कशी असेल? गॅस गेलाय."

घोट घेतला तर फसफसही नाही. जिभेला टोचत नाही, नाकात चढत नाही. आधी भाजलेल्या पावाच्या कडेसारखं काहीतरी लागलं, मग मागून कडवटपणा आला आणि बराच वेळ घशात बसून राहिला. कारल्याचा नव्हे, मेथीचा कडवटपणा. वाईट नव्हती. पण धंद्यातला माणूस मी, चवीकडे लक्षच जाईना. समोर बंद पडलेलं मशीन आहे आणि आपण खुर्चीत बसून आहोत, हे मला जमत नाही.

लेकीने काउंटरवरच्या पोरीला हसत हसत सांगितलं, आमचे बाबा मुंबईत बारचे फ्रीज दुरुस्त करतात आणि तुमचा कूलर बिघडलाय असं त्यांचं म्हणणं आहे. ती पोरगी इतकी खळखळून हसली की दोन म्हातारे पेपरातून डोकं वर काढून बघायला लागले. तीनचा सुमार होता, गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाली, या खाली, दाखवते. बाहेरच्या माणसाला तळघरात नेल्याबद्दल तिला कोणाचा बोल लागू नये, म्हणून नाव लिहिलं नाही.

जिना शिडीसारखा उभा. खाली गेल्या गेल्या मी भिंतीवरचं थर्मामीटर बघितलं. बारा डिग्री. आणि कोपऱ्यात कूलिंग युनिट! पंखा फिरतोय, कॉइलवर बर्फाचा कण नाही, ड्रेनचं पाणी नीट वाहतंय. अव्वल मशीन. म्हणजे ही माणसं चांगला कॉम्प्रेसर लावून, वीज जाळून, मुद्दाम अकरा ते तेरा डिग्री राखतात. एखाद्याने शिलाई मशीन घेऊन त्यावर फक्त बटणं लावावीत, तसं मला क्षणभर वाटलं.

मग तिने पिंप दाखवलं. एका पिंपात नऊ गॅलन, म्हणजे बहात्तर पाइंट. घोड्यावर, म्हणजे आधाराच्या चौकटीवर, आडवं झोपवलेलं, पुढे नळ ठोकलेला, आणि वर पोटाला एक भोक. त्या भोकात बोटाएवढी लाकडी खुंटी. जवळ जाऊन बघितलं तर खुंटीच्या तोंडाशी बारीक फेस येत होता, बुडबुडा फुटायचा आणि दुसरा यायचा. ती खुंटी मऊ, सच्छिद्र लाकडाची किंवा बांबूची असते. बिअर कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असतं, पिंपातही ते आंबवत राहतं, आणि जास्तीचा गॅस त्या खुंटीतून बाहेर पडतो. पुरेसा गेला की मऊ खुंटी काढून टणक खुंटी मारायची. तो क्षण ओळखायचा कसा? तिने फेसावर बोट टेकवलं आणि खांदे उडवले. आपल्यालाही हेच विचारतात, गॅस किती भरायचा ते कसं कळतं म्हणून.

आणि तिथे मला माडी आठवली. आमचं गाव मालवणकडचं. लहानपणी मे महिन्यात जायचो तेव्हा पहाटे माडावरून उतरलेली माडी गोड लागायची, दुपारी तिला तिखटपणा यायचा, संध्याकाळी ती चढायची, आणि दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या वाटेला लागायची. मडक्याला कान लावला तर आत सूं सूं आवाज. या पिंपाचंही तसंच. नळ उघडला की तीन-चार दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबट. चार डिग्रीला ठेवलं तर यीस्ट गारठून बसेल, वीसला ठेवलं तर उतू जाईल. म्हणून बारा. एवढं कळल्यावर माझ्या डोक्यातलं मशीन बिघडलेलं राहिलं नाही.

याला ते रिअल एल म्हणतात, म्हणजे अस्सल बिअर. शब्द तसा अलीकडचा. १९६०च्या दशकात तिथल्या मोठ्या कंपन्यांनी हे पिंपांचं लचांड बंद करायला घेतलं. बिअर गाळायची, पाश्चराइझ करायची, यीस्ट मारायचं, पिंपात भरायची आणि गॅसच्या दाबावर वर चढवायची. आपल्याकडचा ड्राफ्ट असाच येतो, बाजूला सिलिंडर उभा असतो. सांभाळणारा नको, नासणं नको. १९७१ साली आयर्लंडला सुट्टीवर गेलेल्या चार इंग्लिश मित्रांनी याविरुद्ध एक संघटना काढली. कॅमरा, म्हणजे रिअल एलसाठीची मोहीम. निव्वळ गिऱ्हाइकांची युनियन! त्यांनी व्याख्या केली: ज्या पिंपातून वाढतात त्याच पिंपात पुन्हा आंबलेली, आणि बाहेरून गॅस न मारलेली, ती खरी. 'द हार्प'ला मान दिला तो यांनीच. मी गिरणी कामगाराचा पोरगा, १९८२चा संप घरात बसून बघितलेला. बिअरसाठी युनियन काढली आणि ती जिंकलीही, हे ऐकून हसू की रडू तेच कळेना.

वर आल्यावर दुसरा पाइंट घेतला. आता चवीकडे लक्ष होतं. जेमतेम चार टक्क्यांची बिअर. आपल्याकडच्या स्ट्राँगमध्ये आठपर्यंत जातात, आणि थंडीमुळे जीभ बधिर असते म्हणून ते चालून जातं. इथे लपायला जागा नाही. बारा डिग्रीला सगळं उघडं पडतं, पाव, मध, कडू, सगळं वेगवेगळं लागतं.

आता खरी गंमत. मी त्या पोरीला विचारलं, यीस्ट आत आहे तर बिअर एवढी स्वच्छ कशी? ती म्हणाली, आयझिंग्लास. लेकीने मोबाइलवर बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"बाबा, माशाच्या पोटातली हवेची पिशवी असते ना, ती. वाळवून, विरघळवून पिंपात घालतात. ती यीस्टला धरून तळाशी बसते."

तो वार सोमवार होता. मी सोमवार पाळतो. गेली वीस वर्षं सोमवारी अंडंही नाही. बिअर चालते, कारण बिअर शाकाहारी, असा माझा हिशेब. आमची ही समोर लिंबू सरबत पीत बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. फक्त माझ्या रिकाम्या दोन ग्लासांकडे बघितलं. लेक म्हणाली, आता बऱ्याच कंपन्यांनी हे घालणं सोडलंय, तिथल्या शाकाहारी लोकांनीही तक्रारी केल्या. म्हटलं, बरं झालं, पण दोन पाइंट उशीर झाला.

मुंबईला परत आल्यावर हिने ही गोष्ट वरळी कोळीवाड्यात तिच्या मावशीला सांगितली, अर्थात मीठमसाला लावून. मावशींना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "अगो, म्हणजे बोत!" घोळ माशाच्या पोटातली तीच पिशवी म्हणजे बोत. त्या म्हणाल्या, घोळ सापडली की आधी बोत काढायचा, धुवायचा, वाळवायचा, माशाहून महाग जातो तो. खरंच आहे. २०२१ साली पालघरजवळ मुरब्याच्या एका बोटीला एका फेरीत दीडशेवर घोळ सापडल्या आणि माल सव्वा कोटीच्या वर गेला, तो या बोतामुळेच. लेकीने तिकडून आणखी एक शोधून पाठवलं: १८४२ साली जॉन फोर्ब्स रॉयल नावाच्या डॉक्टरने लंडनमध्ये एक अख्खं पुस्तक छापलं होतं, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून आयझिंग्लास कसं मिळवावं यावर. तेव्हा चांगलं आयझिंग्लास रशियातून यायचं आणि महाग पडायचं. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग भाव बरा दिला असेल का गोऱ्यांनी?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्याच्या आधीपासूनच उलट्या दिशेने त्यांची बिअर इकडे येत होती. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागातल्या हॉजसनची पेल एल, पिंपांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्महिने जहाजात हेलकावे खात. इथल्या साहेबांचे आबदार, म्हणजे पेयं सांभाळणारे नोकर, सोऱ्याच्या पाण्यात बाटल्या बुडवून त्या गार करायचे. आमच्या धंद्याचे मूळ पुरुष म्हणजे ते आबदार. मग १८३४ साली बोस्टनहून जहाजातून मुंबईत बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. मुंबईला थंडाची चटक लागली ती तिथपासून, आणि ती पुरवायला आज मी स्पॅनर घेऊन फिरतो.

प्रयोगही करून बघितला. आपली नेहमीची बाटली घरच्या फ्रीजच्या दारात ठेवून बारावर आणली आणि गच्चीवर मित्राबरोबर उघडली. साबणाचं पाणी. मित्राने एक घोट घेऊन ग्लास कुंडीत ओतला. बरोबरच आहे. ती बिअर बारासाठी केलेलीच नाही, आणि बाहेर चौतीस डिग्री आणि अंगाला घामाची चिकचिक असताना कोणाला पावाची कड आणि मेथी हवीय?

गेल्या शनिवारी पुन्हा फोन. करी रोडजवळची परमिट रूम, गर्दी खचाखच. मॅनेजर वैतागलेला. कूलर उघडून आत थर्मामीटर टाकला, दोन मिनिटांनी बघितलं. बारा.

मी म्हटलं, "लंडनला एवढ्यावरच विकतात. मुद्दाम."

"भाऊ," तो म्हणाला, "मग लंडनचं गिऱ्हाईक पण घेऊन ये. आधी गॅस भर."

लीक कंडेन्सरच्या बेंडाला होतं. ब्रेझिंग केलं, व्हॅक्यूम मारला, गॅस भरला. घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, आणि झाकलेल्या ताटातली आमटी साधारण बारा डिग्रीने तरी जास्त गरम असायला हवी होती.