रीफ टाकीची नोंद, महिना चौदावा: रात्री मोजलेले अंतर

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या रीफ टाकीत, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, डाव्या खडकावरील तांबड्या माँटिपोरा प्रवाळाच्या कडेला नखाएवढा पांढरा पट्टा दिसला. आधी पाणीच तपासले. खारेपणा दर हजारी ३५, तापमान २६ अंश, अल्कलिनिटी (आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) ८.२ डीकेएच, म्हणजे सगळे नेहमीसारखेच होते. शिवाय पाण्यात दोष असता तर ऊतक असे एकाच बाजूने गेले नसते, आणि ही बाजू नेमकी शेजारच्या गॅलॅक्सिया प्रवाळाकडची होती. दोघांत १२ सेंटिमीटर अंतर होते आणि दिवसा पाहता ते मला पुरेसे वाटत आले होते.

त्या रात्री दिवे मालवल्यानंतर दोन तासांनी लाल प्रकाशाची बॅटरी घेऊन टाकीसमोर बसलो. गॅलॅक्सियाच्या कडेच्या पॉलिपांमधून (प्रवाळाच्या एकेका जिवामधून) सहा-सात पारदर्शक धागे निघालेले होते, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका होता, आणि प्रवाहाबरोबर लहरत जाऊन ते पट्टा पडलेल्या जागीच टेकत होते. हे स्वीपर म्हणजे दंशपेशींनी गच्च भरलेल्या टोकांच्या लांब स्पर्शिका असून गॅलॅक्सियाचे स्वीपर ३० सेंटिमीटरपर्यंतही पोहोचू शकतात. खडकामागे साचणारा गाळ उचलला जावा म्हणून मी महिन्याभरापूर्वी वेव्हमेकरचे (प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचे) तोंड फिरवले होते. त्यामुळे गॅलॅक्सिया प्रवाहाच्या वरच्या अंगाला आला आणि त्याचे धागे थेट माँटिपोराकडे ओढले जाऊ लागले, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. जागा ठरवताना मी सेंटिमीटर मोजले, पण पाण्याचा ओघ कोणीकडे आहे हे मोजले नाही, ही माझी चूक होती.

गॅलॅक्सिया आता प्रवाहाच्या खालच्या टोकाला, वाळूवर, चोहोबाजूंनी ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून बसवला आहे. माँटिपोराची पांढरी कड कापून टाकण्याचा मोह झाला होता, परंतु उघड्या पडलेल्या सांगाड्यावर शेवाळ धरले नसल्यामुळे थांबलो. काल भिंगातून पाहिले तेव्हा फिकट गुलाबी ऊतकाची नवी किनार सुमारे तीन मिलिमीटर परत पुढे सरकलेली दिसली. इतक्या आनंदाने मी या टाकीत क्वचितच काही मोजले असेल.

फेव्हाइट्स या प्रवाळाच्या बाबतीत मात्र वेगळा विचार करावा लागतो, कारण त्याच्याकडे स्वीपर तर आहेतच, पण शेजारी अगदी चिकटला तर तो पोटातील पाचक तंतू बाहेर काढून त्याला रातोरात पचवू शकतो. प्रवाळ-संशोधक ज्युडिथ लँग यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी जमैकातील प्रवाळांवर हे सविस्तर दाखवून दिले, आणि वाढीचा वेग कमी असलेला प्रवाळही आपली जागा कशी राखतो याचा उलगडा मला त्यातून झाला. तंतूंची पोच थोडी असते, स्वीपरांची जास्त, म्हणून अंतर नेहमी स्वीपरांच्या हिशेबानेच ठेवावे.

हॅमर आणि फ्रॉगस्पॉन हे प्रवाळ आठ महिने एकमेकांना टेकून आहेत, आणि कुठेही ऊतक मागे हटलेले नाही. टॉर्च प्रवाळ मात्र त्यांच्यात ठेवू नये. २०१७ साली हॅमर व फ्रॉगस्पॉन फिम्ब्रियाफायलिया या प्रजातीत (जीनसमध्ये) गेले आणि टॉर्च युफायलियातच राहिला. ते वर्गीकरण भांडणांवरून झालेले नाही, तरी लक्षात ठेवायला मला ते सोयीचे पडले.

सार्कोफायटन या मऊ प्रवाळापुढे अंतराचा उपयोग नाही, कारण तो टर्पीन वर्गातील विषारी रसायने पाण्यातच सोडतो. ती काढून टाकण्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन दर तीन आठवड्यांनी बदलतो आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतो. पसरत जाणाऱ्या ग्रीन स्टार पॉलिप या मऊ प्रवाळाचा खडक वाळूत एकटा ठेवला आहे. काचेवर चढू लागलेली त्याची जांभळी साय नखाने सोलून निघते.

टॉर्चला या महिन्यात दुसरे तोंड फुटले असून ते हॅमरच्या बाजूला कलत आहे. आज दिवसा दोघांत १४ सेंटिमीटर आहेत. रात्रीचे माप घेऊन, स्वीपर निम्म्याच्या पुढे येत असल्यास, या शनिवारी टॉर्चचा तळ सोडवून त्याला उजव्या कपारीत हलवणार आहे.