काकूचे गुडघे आणि लंडनची फुकट संग्रहालयं

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट माणशी तीस पौंडांच्या वर आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीचंही जवळपास तेवढंच. आम्ही तिघं होतो: काका, काकू आणि मी. काका सांगलीला एका सहकारी बँकेत आयुष्यभर कॅशियर होते, त्यामुळे गुणाकाराला मोबाइल लागला नाही. "दोन इमारती बघायचे वीस हजार रुपये," ते म्हणाले आणि गप्प बसले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, हॅरोला राहतो. त्याने चहा पिता पिता सांगितलं, "बाबा, इथली मोठी म्युझियम्स सगळी फुकट आहेत. रोज जा." आणि तो ऑफिसला गेला.

फुकट म्हटल्यावर काकांनी कागद घेतला. सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी नॅशनल गॅलरी, संध्याकाळी व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. अष्टविनायकाच्या बसमधल्या माणसांसारखा त्यांचा उत्साह होता. काकू म्हणाली, "माझे गुडघे विचारात घेतलेत का?"

ब्रिटिश म्युझियममध्ये जवळपास ८० लाख वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या असतात त्यातल्या ८० हजारांच्या आसपास. हा आकडा ऐकून काकांना हुरूप आला, काकूने कपाळाला हात लावला. दारात बॅगा तपासतात, त्याची रांग असते. घरबसल्या फुकट तिकीट काढून ठेवलेलं बरं. आत शिरल्यावर त्या प्रचंड काचेच्या छताखाली माणूस पाचेक मिनिटं नुसता वर बघत राहतो. मग रोझेटा शिळा. इ.स.पू. १९६ मधला एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला, आणि त्याच्याभोवती गणपतीच्या आरतीला जमावी तशी गर्दी. फोन उंच धरलेले हात दिसले, दगड फारसा दिसला नाही. ममी पाहिल्या, पार्थेनॉनची शिल्पं पाहिली, आणि तिथे काकूने जाहीर केलं की आता ती बसणार.

बसलो ते अमरावतीच्या दालनाजवळ. आंध्रातल्या गुंटूरजवळच्या त्या बौद्ध स्तूपाची शिल्पं इथे काचेच्या भिंतीमागे मांडली आहेत. बाकीची बरीचशी चेन्नईच्या संग्रहालयात आहेत. काका पुढे मेसोपोटेमियाकडे गेले. काकू मात्र एका शिळेपुढे थांबली ती थांबलीच. तिच्यावर स्तूपच कोरलेला आहे: घुमट, कठडा, दाराशी सिंह, वर उडणाऱ्या आकृत्या. स्तूप कसा दिसत असेल ते आपल्याला कळतं ते अशा शिळांवरूनच. पाटी वाचली तर कळलं की शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. एका बाजूला इ.स.पू. पहिल्या शतकातलं बोधिवृक्ष आणि रिकाम्या आसनाचं दृश्य, आणि तीनेकशे वर्षांनी तीच शिळा फिरवून दुसऱ्या बाजूला हा स्तूप. "जुनी चादर उलटी करून घालावी तसं," काकू म्हणाली. "कुणालातरी दगड वाया घालवायचा नव्हता." त्या सबंध सकाळीतलं मला नीट आठवतं ते एवढंच. काका परत आले तेव्हा त्यांनी बत्तीस दालनं पाहिली होती आणि त्यातलं एकही त्यांना सांगता येईना.

तिथून पुढे काकूचा नियम लागू झाला. एका वेळी एक दालन, जमलं तर एकच वस्तू, आणि पाय दुखायच्या आत बाहेर. काकांनी विरोध केला, पण त्यांच्याकडे मुद्दा नव्हता. तिकीट काढलं की पैसे वसूल करायला माणूस संध्याकाळपर्यंत पाय ओढत फिरतो. इथे वसूल करायचं काहीच नाही. आज वीस मिनिटं बघा, परवा त्याच रस्त्याने जाताना पुन्हा वीस मिनिटं. लंडनचे लोक तेच करतात. दुपारच्या सुट्टीत सँडविच संपवून एक चित्र बघून कामावर परत जाणारे लोक मी पाहिले.

हे फुकट असणं सरसकट जुनं नाही, बरं का. ब्रिटिश म्युझियम १७५३ च्या कायद्याने स्थापन झालं आणि १७५९ मध्ये उघडलं ते फुकटच, पण तेव्हा आधी अर्ज करून तिकीट मिळवावं लागे. साउथ केन्सिंग्टनच्या तीन मोठ्या संग्रहालयांनी (व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियम) १९८० आणि १९९० च्या दशकांत पैसे घ्यायला सुरुवात केली होती. १ डिसेंबर २००१ पासून सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांचं कायमचं प्रदर्शन सगळ्यांना मोफत केलं. आडवा आला होता तो व्हॅट. प्रवेश फुकट ठेवला की संस्थेला आपल्या खरेदीवरचा व्हॅट परत मागता येत नसे, म्हणजे फुकट ठेवणाऱ्यालाच भुर्दंड. तो नियम बदलला तेव्हा गाडं सुटलं. ही गोष्ट काकांना ममीपेक्षा जास्त आवडली. रात्री जेवताना त्यांनी ती मुलाला पुन्हा समजावून सांगितली.

नॅशनल गॅलरीत आम्ही मुद्दाम गेलो नाही, पावसाने नेलं. ट्रफाल्गर चौकात सर आली, समोर पायऱ्या होत्या. १८२४ मध्ये सरकारने एका सावकाराच्या संग्रहातली ३८ चित्रं विकत घेतली, तिथून हिची सुरुवात. चौकातली ही इमारत १८३८ ची. जागा या चौकात ठेवण्याची बाजू मांडणारे म्हणत, पश्चिमेकडचे श्रीमंत इथे गाडीतून येतील आणि पूर्वेकडचे गरीब चालत. आम्ही मधले, ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने आलेले.

काकांना होल्बाइनचं 'ॲम्बॅसॅडर्स' दाखवलं. १५३३ चं चित्र, दोन रुबाबदार गृहस्थ, मध्ये फडताळावर यंत्रं आणि पुस्तकं, आणि पायाशी एक तिरपा करडा डाग. समोरून बघितलं तर काही कळत नाही. चित्राच्या उजव्या कडेला जाऊन तिरकं बघितलं की त्याची कवटी होते. काका चार वेळा इकडून तिकडे गेले. पहारेकरी बाई हसल्या, त्यांना सवय असावी. दुसऱ्या महायुद्धात इथली चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या दगडखाणीत नेऊन ठेवली होती. रिकाम्या गॅलरीत लोक एखादं तरी चित्र दाखवा म्हणू लागले, तेव्हा १९४२ पासून खाणीतून दर महिन्याला एकच चित्र आणून लावत. बॉम्बच्या दिवसांत लोक त्या एका चित्रासाठी येत. काकूने हे ऐकून काकांकडे असं बघितलं की पुढचं बोलायची गरज उरली नाही.

नॅचरल हिस्टरी म्युझियमची इमारत देवळासारखी कोरीव आहे आणि मुख्य दालनात २५ मीटरचा निळ्या देवमाशाचा सांगाडा डोक्यावर पोहत असतो. पण शाळांना सुट्टी होती. लंडनमधली सगळी मुलं आत होती असं वाटलं. देवमासा पाहिला, बाहेर पडलो, रस्ता ओलांडून व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये, म्हणजे व्ही अँड एमध्ये शिरलो.

व्ही अँड एत आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. त्याचं एक कारण अगदी साधं आहे: तिथे घडीची स्टुलं मिळतात. स्टूल काखेत मारून हव्या त्या वस्तूसमोर बसा. काकूने ते स्टूल शाहजहानच्या पेल्यापुढे मांडलं. १६५७ चा, पांढऱ्या जेडचा, तळाशी कमळ, आणि अर्धा भोपळा निमुळता होत होत शेवटी बोकडाचं मुंडकं. भिंत इतकी पातळ की उजेड आरपार जातो. जवळच टिपूचा लाकडी वाघ, गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणहून आणलेला. पोटात बाजाची पेटी आहे, दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो आणि शिपाई कण्हतो. पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या वाचनालयात येणारे-जाणारे हा दांडा फिरवत आणि वाचणारे वैतागत. आता फिरवू देत नाहीत.

सांगलीहून काकांच्या मित्राचा फोन आला: वाघनखं पाहिलीत का? काका म्हणाले, "अरे, ती तुमच्याकडेच आलीत!" खरंच, २०२४ च्या जुलैमध्ये व्ही अँड एने ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली, पहिला मुक्काम साताऱ्याला. ती इंग्लंडला नेली साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने. सोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचं कोरलेलं आहे, पण अफजलखानाच्या वेळची तीच का, हे सिद्ध करता येत नाही असं संग्रहालय स्वतःच सांगतं. काकांना हे पटलं नाही. मला मात्र अशी कबुली देणारं संग्रहालय जास्त भरवशाचं वाटतं.

माझ्या मनात तिथे दुसरंच काहीतरी होतं. अजिंठा. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी आणि चित्रकार आपल्याला त्याच्या प्रेयसीमुळे, पारोमुळे ठाऊक. १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षं तो लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ मध्ये मुंबईच्या आर्ट स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन गेले आणि सगळं काम पुन्हा मांडलं. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्या नकला साउथ केन्सिंग्टनला आल्या. १८८५ मध्ये इथेही आग लागली आणि त्यातल्याही बऱ्याच गेल्या. उरल्या त्या व्ही अँड एच्या संग्रहात आहेत. मूळ चित्रं वाघूरच्या काठावर झिजत राहिली आणि नकला दोनदा लंडनमध्ये जळल्या. लुटीबद्दल चिडायची आपल्याला सवय आहे. या जळण्याबद्दल कुणावर चिडायचं ते मला त्या दालनात उमगेना.

जाता जाता, भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं नाव १९७५ पर्यंत व्हिक्टोरिया अँड आल्बर्टच होतं. तिथे तिकीट आहे, पण अगदी किरकोळ. मुंबईकरांनो, शेवटचं कधी गेला होता?

काही गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या. तात्पुरत्या प्रदर्शनांना तिकीट असतं, आणि ते स्वस्त नसतं. दारात देणगीची पेटी असते. पाच पौंड टाका असं सुचवलेलं असतं, पण न टाकता गेलात तरी कुणी ढुंकून बघत नाही. आम्ही रोज थोडं टाकलं, काकांनी त्याचा हिशेब ठेवला. कॅफेतला चहा महाग आहे, घरून ठेपले न्या. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत आणि व्ही अँड ए दहापर्यंत उघडं असतं, गर्दी टाळायला तीच वेळ उत्तम.

लिंकन्स इन फील्ड्समधलं सर जॉन सोनचं घर हे मात्र चुकवू नका. वास्तुविशारद माणूस, घरभर मूर्ती, कलश, तुकडे. तळघरात फारोह सेटी पहिला याची शवपेटी. ब्रिटिश म्युझियमला ती महाग वाटली म्हणून सोनने १८२४ मध्ये २,००० पौंडांना घेतली. चित्रांची खोली एवढीशी, पण भिंतींना दारं आहेत. तिथला माणूस भिंत उघडतो आणि आत आणखी चित्रं निघतात. सोनचं पोराशी बिनसलं होतं. त्याने निनावी लेख लिहून बापाच्याच कामाची टर उडवली होती. सोनने १८३३ मध्ये संसदेकडून खास कायदा करून घेतला: माझ्या माघारी घर आहे तसं ठेवायचं आणि लोकांना फुकट दाखवायचं. "म्हणजे पोराला मिळू नये म्हणून आपल्याला मिळालं," काकू म्हणाली.

याच सोनने बँक ऑफ इंग्लंडची इमारत बांधली होती, आणि त्या बँकेचंही संग्रहालय आहे, फुकट, फक्त सोमवार ते शुक्रवार. तिथे काकांना कुणी नियम लावले नाहीत. सोनच्या जुन्या कचेरीची हुबेहूब उभारलेली खोली, जुन्या नोटा, खोट्या नोटा. एकेका नोटेपुढे काका वाकून उभे. शेवटी एका पारदर्शक पेटीत सोन्याची खरी वीट. भोकातून हात घालून उचलायची. वजन १३ किलोच्या आसपास. काकांनी उजव्या हाताने प्रयत्न केला, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या, आणि वीट चार बोटं वर आली.

"किती तोळे?" काकूने विचारलं.

"तेराशे."

"आणि घडणावळ?"

"विटेला घडणावळ नसते गं," काका म्हणाले आणि मागच्या जपानी मुलाला जागा करून दिली.