मास्तरांनी शिवलेला फिल्टर

दुपार झाली की कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारतो: ठेवलाय कुठे? कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यातून उत्तर आलं, "कटिंग टेबलच्या खाली." मग डोकं खाजवण्यासारखं काही उरलं नाही. माझ्याआधी कुणीतरी येऊन मदरबोर्ड गेल्याचं सांगून ठेवलं होतं. भरतकामाची डिझाइन्स त्याच कॉम्प्युटरवर पंच व्हायची, म्हणजे मशीनला कळतील अशा टाक्यांत उतरवली जायची, आणि दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. कारखाना सांभाळणाऱ्या ताईंचा आवाज त्यामुळे चढलेलाच होता.

गेल्या गेल्या तापमान पाहिलं. काहीही चालू नसताना प्रोसेसर ७१ अंशांवर. पंचिंग करणाऱ्या मुलाने एक मोठी फाइल उघडायचा अवकाश, आकडा १०० ला जाऊन टेकला. या प्रोसेसरची मर्यादाच १०० अंश सेल्सिअस. तिथे पोचला की तो आधी आपला वेग कमी करतो, त्यानेही भागलं नाही आणि तापमान चढतच राहिलं की मशीन स्वतःला वाचवायला सरळ बंद होतं. मदरबोर्ड धडधाकट होता.

बाजूचं झाकण काढलं. नुसता पंखा बघून कुणालाही वाटलं असतं की थोडी धूळ बसलीय, फडकं मारलं की झालं. पण खरा माल पंख्याच्या पोटाखाली असतो, पंखा आणि हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, यांच्या मध्ये, जिथे फडकं पोचत नाही. चार स्क्रू काढून पंखा उचलला तर अॅल्युमिनियमच्या पात्या दिसतच नव्हत्या. वर नमद्यासारखा दाबून बसलेला थर. चिमट्याने एक कोपरा धरला आणि अख्खा चौकोन एकसंध सुटून हातात आला, चांगला अर्धा सेंटिमीटर जाड. कडेने पाहिलं तर त्यात रंग होते. तळाला निळा, त्यावर पांढरा, मध्येच पिवळ्याची पुसट रेघ आणि सगळ्यात वर गर्द लाल.

कटिंग करणारे मास्तर कात्री ठेवून जवळ आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो तुकडा उजेडात धरला.

"हा निळा ट्रॅकपँटचा. पांढरा एप्रनचा, तो मोठा लॉट होता. पिवळं... पिवळ्या टोप्या केल्या होत्या ना आपण, थोड्याच? आणि हे लाल म्हणजे आत्ता चाललेलं फ्लीस. फ्लीस फार झडतं, दादा." मग ताईंकडे वळून, "ताई, आता ऑर्डरचं रजिस्टर हरवलं तरी चालेल."

ताई हसल्या, तेव्हा मला जरा मोकळं वाटलं.

साफसफाईत सांगण्यासारखं फारसं नाही. मशीन बाहेर नेलं, ब्रश आणि ब्लोअर मारला, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, एवढं मात्र लक्षात असू द्या. मोकळा सोडला तर तो भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. पुन्हा जोडल्यावर रिकामा असताना ३९, काम देताना ७४.

"झालं ना?" ताईंनी विचारलं. झालं होतं, पण हे फ्लीस संपेपर्यंत पुन्हा तेच व्हायचं होतं. मी आधी कॉम्प्युटर जमिनीवरून उचलून कटिंग टेबलपासून लांब एका स्टुलावर ठेवला. झडलेले तंतू शेवटी जमिनीवर येतात आणि येणाजाणाऱ्यांच्या पायांनी पुन्हा उडतात, तेव्हा नुसतं वर ठेवण्याने बराच फरक पडतो. मग फिल्टर करायचं ठरलं. तयार फिल्टर मागवून यायला वेळ लागला असता आणि इथे तर चारी बाजूंना कापडच कापड होतं.

मास्तरांनी कपाटातून तुकडे काढायला सुरुवात केली. कापड निवडायची माझी रीत साधी आहे: तोंडाशी धरून फुंकर मारायची आणि पलीकडे हात धरायचा. अस्तरातून फुंकर पलीकडे जाईना, ते बाद. नेटच्या जाळीतून हवा छान जात होती, पण फ्लीसचा बारीक तंतूही तिच्यातून सहज गेला असता. नायलॉनचे पायमोजे ताणून लावायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. ताणलेल्या जागी भोकं मोठी होतात, सैल जागी कापड पंख्याकडे खेचलं जाऊन पात्यांना घासतं. शेवटी मास्तरांनी ऑर्गन्झा काढला. पातळ, कडक आणि धागा गुळगुळीत. त्याच्यावर लाल तंतू टाकून झटकले तर सगळे पडले. फिल्टरमध्ये मला हेच हवं असतं, कारण जो झटकून साफ होत नाही तो कुणी साफ करत नाही, आणि तुंबलेला फिल्टर म्हणजे पुन्हा १०० अंश, फक्त आतून मशीन स्वच्छ दिसतं.

पहिल्यांदा ऑर्गन्झा थेट पुढच्या दोन पंख्यांच्या तोंडावर लावून पाहिला. ७४ चे ८३ झाले आणि पंखे घुमायला लागले. मास्तर म्हणाले, "मग विरळ कापड देऊ?" मी म्हटलं, "कापड हेच ठेवू, पण मोठं घेऊ." १२० मिलिमीटरच्या दोन पंख्यांची तोंडं मिळून सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर भरतात. तेवढ्याच कापडातून सगळी हवा ओढायची म्हणजे तिचा वेग जास्त आणि अडथळाही जास्त. कॅबिनेटची पुढची बाजू ४० बाय १८ सेंटिमीटर होती, म्हणजे ७२०. पूर्ण बाजूवर कापड ताणलं आणि पंख्यांपासून इंचभर पुढे ठेवलं तर तीच हवा तिप्पट जागेतून संथ आत येते.

माझ्या बॅगेत वायरिंगची केसिंग-पट्टी होती. तिची चौकट केली. मास्तरांनी चौकटीवर हात फिरवून माप घेतलं, टेप लावलीच नाही. कडेला गोट घालून त्यांनी ऑर्गन्झाची खोळ शिवली, उशीच्या अभ्र्यासारखी काढता-घालता येईल अशी. पुढचं पॅनेल प्लास्टिकचं, तिथे चुंबकपट्टी चालली नसती, म्हणून चौकटीला चहूबाजूंनी वेल्क्रो. फट कुठेच ठेवायची नाही, कारण हवा कापडापेक्षा फटीतूनच जाणं पसंत करते. लावून पाहिलं: ७६. पंख्यांचा आवाजही खाली आला.

इथे बरेच जण थांबतात. मी मास्तरांकडून वीतभर दोरा मागून घेतला आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, रिकाम्या कार्ड स्लॉटच्या जाळीसमोर धरला. दोरा सरळ आत ओढला गेला.

मास्तर दोऱ्याकडे पाहत राहिले. "म्हणजे आपण पुढे गाळतोय आणि हा मागून पितोय?"

अगदी तसंच. पुढे कापड आल्यावर पुढच्या पंख्यांची हवा थोडी घटली. मागचा पंखा मात्र पहिल्याइतकीच हवा बाहेर फेकत होता. तूट भरायला हवा मिळेल त्या भोकातून, न गाळता, आत शिरत होती. रिकामे स्लॉट टेपने बंद केले आणि बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन मागच्या पंख्याचा वेग कमी केला. पुढून येणारी हवा मागून जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त झाली की कॅबिनेटमध्ये किंचित दाब तयार होतो आणि उरलेल्या फटींतून हवा बाहेर पडायला लागते. दोरा पुन्हा धरला. या वेळी तो बाहेरच्या बाजूला फडफडला. मग मास्तरांनी तो माझ्या हातातून घेतला आणि कॅबिनेटच्या प्रत्येक सांध्याशी नेऊन स्वतः खात्री करून घेतली. यूएसबीच्या भोकाशी दोरा जरा घुटमळला, तेवढंच.

पॉवर सप्लाय तळातून हवा घेत होता. तळ लोखंडी, त्यामुळे तिथे ऑर्गन्झाच्या पट्टीत चुंबकपट्टी शिवून ती खालून चिकटवली. पॉवर सप्लायच्या आतली धूळ बाहेरूनच ब्लोअरने काढली. तो मी उघडत नाही, वीज काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो.

संध्याकाळपर्यंत पंचिंग अखंड चालू राहिलं. निघेपर्यंत मास्तरांनी आणखी एक खोळ शिवून ठेवली होती, एक धुवायला गेली की दुसरी लावायला. या व्यवसायात मी अनेकांना जादा फिल्टर ठेवा म्हणून सांगतो, ऐकणारे विरळा.

पुढे त्याच कारखान्यात दुसऱ्या कामासाठी जाणं झालं, तेव्हा झाकण उघडून पाहिलं. खोळीवर हिरव्या तंतूंचा थर होता आणि आतल्या पात्यांवर तंतू जवळजवळ नव्हतेच. बारीक राखाडी भुकटी मात्र बसलेली होती. ती ऑर्गन्झाने अडणारी नव्हतीच. तेवढं बारीक अडवायचं तर कापड इतकं घट्ट लागेल की साधा पंखा त्यातून हवा ओढू शकणार नाही. वर्षातून एकदा ब्लोअर मारावा लागेल, असं ताईंना सांगितलं. भिंतीवर शिलाई मशीनच्या ऑइलिंगचा तक्ता लावलेला होता. त्यांनी पेन घेतलं आणि ओव्हरलॉकच्या ओळीखाली कॉम्प्युटरची ओळ घातली: खोळ दर शनिवारी, ब्लोअर वर्षातून एकदा.