गिरणारे ते वाशी, टाइल्स घेऊन परत: पिकअपमध्ये नेमकं किती भरायचं?

गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोचे लिलाव उरकले की पिकअपच्या रांगा लागतात आणि जो तो विचारतो, "किती कॅरेट बसतील?" उत्तर बहुतेक वेळा हौद्याकडे बघून दिलं जातं. जागा असेल तर अजून एक थर. या हंगामात मामेभावाच्या पिकअपमधून टोमॅटो घेऊन वाशीला गेलो आणि येताना भिवंडीहून घराच्या टाइल्स आणल्या. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा एकच गोष्ट पटली: हौदा भरणं वेगळं आणि वजन भरणं वेगळं. पहिल्यांदाच जड माल घेऊन निघणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी आरसी बघा. त्यावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. आमच्या गाडीचे आकडे 1,700 आणि 3,200. वजाबाकी केली की दीड टन, म्हणून सगळे म्हणतात "दीड टनाचं पासिंग". पण हे 1,500 किलो म्हणजे निव्वळ माल नव्हे. ड्रायव्हर, सोबतचा माणूस, ताडपत्री, रस्सी, आणि गाडी घेतल्यावर बसवलेला अँगलचा पिंजरा, सगळं त्यातच मोजलं जातं. म्हणून माल भरण्याआधी सातपूरकडच्या वजनकाट्यावर गाडी रिकामी उभी केली. टाकी फुल, आम्ही दोघे आत. काट्यावर आलं 2,010. म्हणजे मालासाठी उरले 1,190 किलो. दीड टनातले तीनशेहून जास्त किलो एकही कॅरेट चढायच्या आधीच संपले होते.

कॅरेटमध्ये टोमॅटो 20 किलो आणि रिकामं कॅरेट साधारण दोन किलो. ते दोन किलो हिशेबात कुणी धरत नाही. 22 ने भागलं तर 54 कॅरेट बसतात. भाऊ म्हणाला, "दादा, बाजारात सगळे सत्तर-ऐंशी भरतात." भरतात, खरं आहे. त्यांच्या गाड्यांचे मागचे स्प्रिंगचे पाटे उलटे वाकलेले पण दिसतात. आम्ही 54 भरले आणि परत काट्यावर गेलो. एकूण 3,190.

काट्यावर आणखी एक वजन घ्यायला विसरू नका. फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या धुऱ्याचं (ॲक्सलचं) वजन घ्या. आमचं 1,960 आलं. आता टायरच्या बाजूला साइजनंतर छापलेला लोड इंडेक्स बघा. 100 असेल तर एक टायर 800 किलो पेलतो, 112 असेल तर 1,120, आणि तेही कंपनीने सांगितलेली पूर्ण हवा असेल तरच. आमच्या टायरवर 112 होतं, दोन टायरचे 2,240 झाले. एकूण वजन मर्यादेत असलं तरी सगळा माल मागे सरकलेला असेल तर मागचा धुरा ओव्हरलोड होऊ शकतो. माल फाळक्याकडे, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेकडे, लोटला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. रात्री घोटीच्या पुढे अशा गाड्या कायम समोर येतात.

विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी टोल, इथवर सांगण्यासारखं काही नाही. रात्रीची गर्दी असते, पण रस्ता सरळ आहे.

इगतपुरीला घाटनदेवीपाशी जरूर थांबा. कसारा घाट उतरण्याआधी टायरला हात लावून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक धरून राहिलाय. रस्सी इथे पुन्हा आवळा, कारण कॅरेट बसतात आणि रस्सी ढिली पडते. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. भरल्या गाडीत तसं कुणी करत असेल तर मी त्याच्याशेजारी बसणार नाही. सगळा भार ब्रेकवर आला की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. 3,200 ऐवजी 4,100 किलो घेऊन उतरलात तर ब्रेकला सव्वापटीहून जास्त उष्णता झेलावी लागते, आणि ब्रेक मात्र तेवढेच असतात.

वाशीला पहाटेआधी माल उतरला. खरी परीक्षा भिवंडीच्या गोदामात झाली.

दोन बाय दोनच्या टाइल्स, चार नगांच्या खोक्यावर 28 किलो छापलेलं. आम्हाला हवे होते 76 खोके. 1,190 ला 28 ने भागलं तर बसतात 42. ते 42 खोके दोन ओळींत उभे लावले तर नऊ फुटी हौद्यातले तीन फूटसुद्धा भरले नाहीत. हमाल म्हणाला, "शेठ, सगळी गाडी रिकामी आहे, टाकू का बाकीचे?" दिसायला त्याचं बरोबरच होतं. पण 76 खोके म्हणजे 2,128 किलो, मर्यादेपेक्षा 938 किलो जास्त. उरलेले 34 खोके ट्रान्सपोर्टच्या ट्रकमध्ये पार्ट लोडने पाठवले. टाइल्स, सिमेंट, सळई, ओली वाळू, पाणी यांच्या बाबतीत डोळ्यावर भरवसा ठेवूच नका. हजार लिटर पाणी म्हणजे बरोबर एक टन, वर टाकीचं वजन वेगळं.

एवढा छोटा आणि जड ढीग केबिनला चिकटवला तर पुढच्या धुऱ्यावर भार येतो, फाळक्याकडे ठेवला तर पुढची बाजू उचलते. त्यामुळे ढिगाचा मध्य मागच्या धुऱ्याच्या जरासा पुढे येईल असा लावला, आणि केबिनपर्यंतच्या मोकळ्या जागेत लाकडी पॅलेट घट्ट ठोकून बसवले. ब्रेक मारल्यावर खोके पुढे यायला जागाच ठेवायची नाही.

परतीला आमण्याहून समृद्धी धरला. आमणे ते इगतपुरी हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. वाटेत सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि कसारा घाट पूर्ण टळतो. भरली गाडी असेल तर टोल देऊन हाच रस्ता घ्या, असं माझं ठाम मत आहे. मालवाहू गाडीला ताशी 80 ची मर्यादा आहे. रस्ता मोकळा दिसला तरी ती पाळा, कारण वजन, वेग आणि कमी हवा एकत्र आले की टायर फुटतात.

"एक पाटा वाढवून घ्या, मग दोन टन घाला" हा सल्ला तुम्हालाही मिळेल. जास्तीचा पाटा टाकला तर मागची बाजू बसलेली दिसत नाही, एवढंच. धुरा, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि आरसीवरचा आकडा आहे तसाच राहतो. उलट पाट्याचं स्वतःचं वजन मालातून वजा होतं.

दंडाचंही सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच. वजन करायला गाडी थांबवली नाही किंवा नकार दिला तर 40,000. दोन्ही वेळच्या काट्याच्या पावत्या आरसीसोबत ठेवा, आणि भाडं ठरवतानाच मालाच्या मालकाला किलोत आकडा सांगून टाका. गाडी दारात लागल्यावर हा वाद घालत बसू नका.