ऊसतोडीच्या मुलाची प्रगती

"याची पायाभूत चाचणीच झालेली नाही, मग प्रगती कशाच्या तुलनेत दाखवू?" वाळवा तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत बाईंनी एका ऊसतोड कामगाराच्या मुलाबद्दल आज विचारलेला हा प्रश्न मनातून जात नाही.

ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास, म्हणजे वर्षारंभीची ही पायाभूत चाचणी उरकल्यावर येतात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला की, अनेकदा शेवटच्या संकलित चाचणीआधीच, गावी परततात. हा मुलगा मात्र आता बोट ठेवून, अडखळत का होईना, पूर्ण धडा वाचतो. बाईंनी ते आपल्या वहीत तारखेसह टिपले आहे.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे निपुण भारत अभियानाचे २०२६-२७ पर्यंतचे ध्येय आहे आणि त्यासाठी चाचण्या हव्यातच. पण बाईंची ती वही त्याच्या गावच्या शाळेपर्यंत कोण पोहोचवणार?