जुनी, खूप पळालेली फोर-बाय-फोर आणि हलका ट्रेलर: कामाची नोंद

गाडी: लॅडर फ्रेमची चासी (शिडीसारखी खालची लोखंडी चौकट), टर्बो डिझेल, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, पार्ट-टाइम (गरजेपुरतं लावायचं) फोर-व्हील-ड्राइव्ह. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल, मागे पाटे, पुढच्या चाकांना हाताने फिरवून लॉक करायचे हब (लॉक केल्यावरच चाक अॅक्सलला जोडलं जातं). मीटर २,६०,००० किमीच्या पुढे. ओढायचा आहे तो एका अॅक्सलचा ट्रेलर, भरल्यावर ७०० किलो, स्वतःचे ब्रेक नाहीत.

एवढ्या वजनाला ताकद कमी पडत नाही. अशा गाडीत आधी हात टेकतात ते कूलिंग, ब्रेक आणि चासी. त्यामुळे मीटरच्या आकड्यावरून घासाघीस करत बसण्यापेक्षा खाली झोपून टॉर्च मारलेला बरा.

घेण्याआधी

चासीचा गंज मागच्या अॅक्सलवर जिथे कमान वर उचलते तिथे आणि पाट्यांच्या हँगरभोवती आधी बघायचा. पोकळ रेलमध्ये चिखल साचतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पत्रा आतून खातो. छोट्या हातोडीने ठोकत जायचं. निकोप पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. खालून सगळीकडे ताजा काळा कोट मारलेला असेल तर संशय दुप्पट. आधी ट्रेलरचा हुक लावलेला असेल तर त्याच्या बोल्टची भोकं लांबट झालीत का आणि भोकापासून केसासारखी चीर निघाली आहे का, तेही पाहायचं. लांबट भोक म्हणजे बोल्ट सैल असताना भरपूर ओढकाम झालेलं आहे.

इंजिन पूर्ण थंड असतानाच चालू करायचं. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उलटं करून भोकावर ठेवायचं. किंचित थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. रात्रभर उभ्या गाडीचा रेडिएटरचा वरचा होज पाइप सकाळीही टणक लागत असेल, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या हेडखालच्या सीलमधून) जळलेला गॅस कुलंटमध्ये जात असण्याची शक्यता मोठी. गॅस तपासायच्या निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरली की खात्री होते. द्रवाचा निळा रंग बदलून हिरवा किंवा पिवळा झाला तर तिथून निघायचं.

फोर-व्हील-ड्राइव्ह मातीवर किंवा खडीवरच लावून बघायचं. कोरड्या डांबरावर वळताना पुढे आणि मागे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा वेग जुळत नाही, ताण साठतो आणि मग फोर-व्हील लावायचा दांडा टू-व्हीलमध्ये परत येत नाही. अडकलाच तर थोडं सरळ रिव्हर्स घेतलं की सुटतो.

मग डिफरन्शियलचं (शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी पेटीचं) गुणोत्तर, म्हणजे तिच्या पिंजऱ्याच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती वेळा फिरतो. जुन्या गाड्यांत कधीतरी एक अॅक्सल दुसऱ्या गाडीचा बसवलेला असतो आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. तपासायला चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, दांडा टू-व्हीलवर, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, शाफ्टवर खडूने रेघ मारायची आणि चाक हाताने २० वेळा फिरवायचं. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्याने डिफरन्शियलचा पिंजरा निम्म्या वेगाने, म्हणजे १० वेळा फिरतो. शाफ्ट ४१ वेळा फिरला तर गुणोत्तर ४.१. पुढे हब लॉक करून हेच. या गाडीत दोन्हीकडे ४१ आले. पुढे ४३ आले असते तर फोर-व्हील लावताक्षणी ट्रान्सफर केसची (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीची) वाट लागली असती. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना थोडं एकत्र बांधणारं डिफरन्शियल) असेल तर ही युक्ती चालत नाही.

पहिला टप्पा: तेलं

भरायचा प्लग आधी उघडायचा, निचऱ्याचा नंतर. भरायचा प्लग गंजून बसलेला असला आणि तेल आधीच काढून टाकलं, तर गाडी जागेवरच अडकते. दोन्ही डिफरन्शियलमध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-५ दर्जाचं गिअर तेल गेलं. गिअर बॉक्समध्ये कंपनीने सांगितलंय तसं जीएल-४. काही जीएल-५ तेलांतली गंधक-फॉस्फरसची रसायनं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खातात.

पुढच्या डिफरन्शियलचं तेल दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलं होतं. कारण वरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) चिखलाने बंद. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. ब्रीदर काढून तिथून रबरी नळी बॉनेटखाली वर नेली.

उजव्या नकलमध्ये (पुढच्या चाकाच्या वळत्या सांध्यात) ग्रीसचं पातळ काळं कालवण झालं होतं. अॅक्सलचं आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येतं. सील नवं घातलं, आणि नकल उघडलंच होतं म्हणून बेअरिंगही बदलून टाकलं. एवढं उघडून जुनं बेअरिंग परत बसवण्यात काय अर्थ?

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना (टोकाच्या अधिक-चिन्हासारख्या सांध्यांना) चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारली. मागच्या क्रॉसचा एक कप ग्रीस घेईना. तो क्रॉस बदलला. शाफ्ट काढताना दोन्ही फ्लँजवर खूण करून ठेवायची, नाहीतर बसवल्यावर थरथर येते.

दुसरा टप्पा: कूलिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये माती आणि किडे यांचा थर होता. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं, कमी प्रेशरने, नाहीतर रेडिएटरच्या बारीक पात्या आडव्या होतात. फॅनचा व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर फॅनला पकडणारा, आत सिलिकॉन असलेला जोड) गरम इंजिन बंद करून हाताने फिरवला तर जड लागायला हवा. इथे तो गरगर फिरत होता आणि पुढच्या तोंडावर तेलकट धुळीचे ओघळ होते, म्हणजे आतलं सिलिकॉन गळून गेलेलं. कपलिंग, थर्मोस्टॅट आणि दोन्ही होज पाइप नवे.

डॅशबोर्डच्या काट्यावर भरवसा ठेवू नये. अनेक गाड्यांत तो बऱ्याच तापमानाला मध्यावरच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वरच्या होजमध्ये सेन्सर घालून वेगळा डिजिटल मीटर लावला.

ब्रेक आणि हुक

कोरं डॉट-४ ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत येते. उतारावर ट्रेलरचं वजन मागून ढकलत असताना हा फरक थेट पेडलखाली कळतो. मागच्या अॅक्सलला दांडीने जोडलेला भारानुसार ब्रेक देणारा व्हॉल्व्ह गंजून ‘रिकामी गाडी’च्या जागी अडकला होता. ब्रेक लागतात, पण मागचे अर्धवट. मागचे पाटे वाढवून गाडी उंच करणाऱ्यांनीही हा व्हॉल्व्ह पुन्हा सेट करायला हवा, कारण उंच झालेली गाडी त्याला रिकामी वाटते.

हुकवर येणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० टक्के, म्हणजे ७० किलो. हुकचा बॉल मागच्या अॅक्सलपासून १.१ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) २.७५ मीटर, म्हणून मागच्या अॅक्सलवर प्रत्यक्षात ९८ किलो वाढतात आणि पुढचा २८ किलोने हलका होतो. भार कमी ठेवावा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवणं मात्र धोक्याचं. ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. लागलाच, तर स्टिअरिंग सरळ धरून नुसता अॅक्सिलरेटर सोडायचा.

ट्रेलरच्या दिव्यांसाठी बॅटरीवरून फ्यूज टाकून वेगळा रिले बॉक्स, आणि अर्थिंगची स्वतंत्र वायर. हुकच्या लोखंडातून अर्थिंग घेतलं की इंडिकेटरबरोबर बाकीचे दिवेही मिणमिणतात.

ओढून पाहिल्यावर

भरलेल्या ट्रेलरसह चढावर चौथ्या गिअरमध्ये कुलंट ९२ अंशांवर थांबलं. पाचवा वापरत नाही. या बॉक्समध्ये चौथा थेट १:१ आहे, ताकद दातांच्या जोड्यांतून न जाता सरळ बाहेर पडते. पाचव्यात सगळा भार ओव्हरड्राइव्हच्या (शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरवणाऱ्या) एका जोडीवर येतो.

राहिलेलं: मागच्या पाट्यांचे बुश, डावीकडच्या ड्रमचा पुसट घासल्याचा आवाज, आणि ट्रेलरचे टायर. नक्षी भरपूर दिसते, पण बाजूच्या चार आकडी खुणेतले शेवटचे दोन आकडे, म्हणजे उत्पादनाचं वर्ष, फार जुने आहेत.