तुम्ही विचारलंत म्हणून : सर्व्हर किती लागतील?

सांगली, मिरज किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही संस्थेत गेलो, की चहा येण्याच्या आत हा प्रश्न येतो. पतसंस्थेचे व्यवस्थापक विचारतात, फाउंड्रीचे मालक विचारतात, आणि एकदा तर विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी भात कालवता कालवता विचारले, "आमच्याकडे एकशेवीस माणसे आहेत. सगळ्यांचे कॉम्प्युटर काढून तुमच्या त्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर न्यायचे म्हटले, तर सर्व्हर किती लागतील?" 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या आणि अनेकांच्या जुन्या यंत्रांवर विंडोज 11 चढेना, तेव्हापासून तर हा प्रश्न फोनवरही येऊ लागला आहे. पूर्वी मी मनातल्या मनात भागाकार करून एक आकडा सांगत असे. आता उलट विचारतो, की तुमच्याकडे प्रिंटर कोणते आहेत. समोरच्याला वाटते, हा माणूस विषय टाळतो आहे.

मी टाळत नाही. आकडा शेवटी देणारच आहे. पण तो कुठून निघतो हे आधी सांगितले पाहिजे.

डेस्कटॉप सर्व्हरवर नेण्याच्या या विद्येला मराठीत 'आभासीकरण' म्हणतात, असे कागदोपत्री वाचायला मिळते. सर्व्हर रूममध्ये तो शब्द मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. गोष्ट मात्र साधी आहे. विंडोज आणि त्यावरची कामाची सॉफ्टवेअरे टेबलावरच्या यंत्रात न चालता सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांसाठी मिळून ठेवलेल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, चालतात. कळ दाबल्याची आणि माउस हलवल्याची खबर तिकडे जाते आणि पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच इकडे येतो. टेबलावर लहानसा थिन क्लायंट, म्हणजे पडदा आणि कळफलक सर्व्हरशी जोडून देणारा डबा, पुरतो, किंवा जुन्याच कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी हलकी लिनक्स चढवून तोही त्या कामाला जुंपता येतो. हे काही कालचे खूळ नाही. सिट्रिक्स कंपनीने 1995 साली विंडोज एनटीवर बेतलेले विनफ्रेम आणले, मायक्रोसॉफ्टने तेच तंत्र परवान्याने घेऊन 1998 साली टर्मिनल सर्व्हर काढला, आणि प्रत्येकाला सर्व्हरवर स्वतंत्र विंडोज देण्याची पद्धत त्यानंतरच्या दशकात रुळली.

म्हणजे आजही दोन वाटा आहेत आणि निवड त्यांच्यातच करायची असते. पहिल्या वाटेने एकाच मोठ्या विंडोज सर्व्हरवर पंचवीस-तीस माणसे आपापले सत्र उघडून काम करतात. ही जुन्या वाड्यातली बिऱ्हाडे : खोल्या वेगळ्या, पण नळ एकच, त्यामुळे खर्च कमी येतो, परंतु एखाद्या बिऱ्हाडाने नळ सोडून ठेवला, म्हणजे एखाद्याची एक्सेल फाइल प्रोसेसर खाऊ लागली, की बाकीच्यांच्या घागरी रिकाम्या राहतात. दुसऱ्या वाटेने त्याच जागेवर प्रत्येकाला स्वतंत्र घर बांधून द्यायचे. त्यात मोकळीक आहे आणि खर्चही आहे. तिसरी एक पायवाट अशी, की पूर्ण डेस्कटॉप न देता फक्त लागणारे सॉफ्टवेअर तेवढे माणसाच्या पडद्यावर पोहोचवायचे. मला विचाराल तर पुष्कळ संस्थांना ही पायवाटच पुरेशी असते, पण तिचे नाव भारदस्त नसल्यामुळे तिला कोणी विचारत नाही.

कोणाला कोणत्या वाटेने न्यायचे हे कोटेशन पाहून ठरत नाही. त्यासाठी माणसांच्या खुर्चीमागे जाऊन बसावे लागते. हे मी शिकलो ते चुकून.

माझे पहिले मोठे काम जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचे होते. मुख्य कार्यालय सांगलीत, शाखा तासगाव, विटा आणि जतला. मी प्रोसेसर मोजले, मेमरी मोजली, वर्ड आणि ब्राउझर किती वेगाने उघडतात ते घड्याळ लावून पाहिले, आणि एका सोमवारी सगळ्या शाखा नव्या व्यवस्थेवर नेल्या. साडेदहाच्या सुमारास काउंटरवरच्या मॅडमनी एका वृद्ध खातेदाराचे पासबुक प्रिंटरमध्ये सरकवले आणि शिल्लक रक्कम बरोबर मधल्या शिवणीवर छापली गेली. आजोबांनी चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, "बाई, माझे पैसे शिवणीत गेले काय?"

कारण नंतर कळले, आणि ते कळायला मला काउंटरच्या आतल्या बाजूला तीन दिवस बसावे लागले. पासबुक प्रिंटर हा कागदाचे पान छापणारा प्रिंटर नव्हे. शाखेचे सॉफ्टवेअर त्याला साधा मजकूर आणि त्यासोबत काही नियंत्रणाच्या खुणा पाठवते : इतक्या ओळी खाली ये, इथून छाप, इथे थांब. मी मात्र सगळ्या प्रिंटरांना चालणारा एकच सार्वत्रिक ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारे सॉफ्टवेअर, सर्वत्र बसवला होता. तो ड्रायव्हर मजकुराचे आधी चित्र करतो, ते चित्र शाखेत पाठवतो आणि पानाच्या माथ्यापासून छापायला लागतो. लेझर प्रिंटरला हे उत्तम चालते. पासबुकाच्या चौदाव्या ओळीला पानाचा माथा ठाऊक नसतो. उपाय अखेरीस अगदी साधा निघाला : त्या काउंटरांपुरता सार्वत्रिक ड्रायव्हर काढून टाकायचा, प्रिंटर जिथे जोडतात ते पोर्टच सर्व्हरवरच्या सत्रात जसेच्या तसे दाखवायचे आणि मजकुराला मध्ये कोणी हात लावायचा नाही. व्यवस्थापकांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, हेच जास्त लागले.

तेव्हापासून मी माणसांची नव्हे, कामांची यादी करतो, आणि टेबलाला वायरीने काय काय जोडलेले आहे तेही लिहून घेतो. बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीची किल्ली, चेक वाचणारा स्कॅनर, कारखान्यात वजनकाट्याची केबल. यांपैकी प्रत्येक वस्तू टेबलावर असते आणि तिला वापरणारे सॉफ्टवेअर सर्व्हरवर असते. मधल्या अंतरात नेमके काय जाते आणि काय गळते, याचा विचार म्हणजेच या आराखड्याचा निम्मा भाग. एका कार्यालयात वसुलीच्या नोटिसा एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टंकल्या जात. त्याचे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षरसंकेताच्या, आधीचे, आणि ते सॉफ्टवेअर चालण्यासाठी यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावावे लागे. आठवडाभर खटपट करून मी ते टेबल होते तसेच ठेवले, स्वतःच्या कॉम्प्युटरसकट. वर्षाला काही शेकडा नोटिसांसाठी सर्व व्यवस्था वाकवण्यात अर्थ नव्हता, आणि एखादे टेबल बाहेर ठेवणे हाही आराखड्यातलाच निर्णय असतो, असे माझे मत आहे.

जुन्या सॉफ्टवेअरांची दुसरी तऱ्हा अशी, की एकाला चालण्यासाठी लागणाऱ्या जावा या आधारभूत सॉफ्टवेअरची एक आवृत्ती लागते आणि शेजारच्याला दुसरी, आणि दोघे एका यंत्रावर नांदत नाहीत. अशा वेळी सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या लवाजम्यासह वेगळ्या डब्यात बंद करून चालवता येते. मायक्रोसॉफ्टने हे तंत्र 2006 साली सॉफ्ट्रिसिटी नावाची कंपनी विकत घेऊन मिळवले आणि पुढे ते ॲप-व्ही या नावाने चालले. डबा तयार करणे हे चिकाटीचे काम आहे. सॉफ्टवेअर कुठल्या फोल्डरात काय लिहिते आणि विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, कुठे हात घालते, हे त्याच्या निर्मात्यालाही पुष्कळदा आठवत नसते.

आता माणसांविषयी. खर्च वाचावा म्हणून डेस्कटॉप सहसा एका मूळ प्रतीवरून रोज ताजे काढले जातात. तिला गोल्डन इमेज म्हणतात. संध्याकाळी माणूस बाहेर पडला की त्याचे यंत्र पुसले जाते आणि सकाळी नवे कोरे मिळते. देखभाल करणाऱ्याला हे फार आवडते. वापरणाऱ्याला मात्र सकाळी आल्यावर आदल्या दिवशीची काहीच खूण सापडत नाही. एका लेखापाल बाईंनी पडद्यावर सांगलीच्या गणपतीचे चित्र लावले होते. ते रोज पुसले जाई आणि त्या रोज लावत. तक्रार त्यांनी कधी केली नाही, पण "आमचा कॉम्प्युटर काढून घेतला" असे त्या सहकाऱ्यांना सांगत, आणि ते खरेच होते. माणसाची सेटिंगे, मेलची साठवण आणि पडद्यावरचा गणपती हे सगळे एका आभासी डिस्कमध्ये ठेवून, तो ज्या यंत्रावर जाईल तिथे ती डिस्क जोडण्याची सोय आज सहज मिळते. एफएसलॉजिक्स नावाचे हे तंत्र मायक्रोसॉफ्टने 2018 साली घेतले. तांत्रिक आराखड्यात याला 'प्रोफाइल' असे एकच ओळीचे कलम असते. माझ्या अनुभवात व्यवस्था लोक स्वीकारतात की नाही, हे पुष्कळसे या कलमावर ठरते.

पुराविषयी न लिहिता सांगलीत हा विषय पुरा होत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपर्यंत चढले आणि जुलै 2021 मध्ये ते पुन्हा शहरात शिरले. 2019 साली ज्या कार्यालयांतल्या तळमजल्यावरचे कॉम्प्युटर बुडाले, तिथे पाण्यातून काढलेल्या हार्ड डिस्क पंख्याखाली ओळीने मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. माहिती टेबलावर न ठेवण्याचे महत्त्व त्यानंतर मला कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पण यावरून सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला की झाले, असे जे समजतात त्यांना मी थांबवतो. पाणी वर पोहोचत नाही, परंतु वीज जाते, जनरेटरचे डिझेल संपते आणि इंटरनेटची वायरही पुलावरून किंवा रस्त्याखालूनच आलेली असते. म्हणून लाइन दोन कंपन्यांच्या, आणि त्या खरोखर वेगवेगळ्या मार्गांनी येतात हे समक्ष पाहून घेतलेल्या; आणि माहितीची दुसरी प्रत नदीच्या या पूरपट्ट्यात नको. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांचे, 'सेंट्रल इंडिया' हे केंद्र पुण्यातच आहे. सांगलीहून तिथल्या डेस्कटॉपवर टंकताना अक्षर उशिरा उमटल्याची जाणीव होत नाही, आणि रोजचे काम इथल्या सर्व्हरवर ठेवून पुराच्या आठवड्यापुरते तिकडे जाता येते. भाडे वापराप्रमाणे पडते, त्यामुळे एरवी बंद ठेवलेल्या यंत्रांचा साठवणुकीइतकाच खर्च येतो.

हे स्वस्त पडते का, असेही पाठोपाठ विचारतात. खरेदीच्या वर्षी नाही. थिन क्लायंट स्वस्त असला तरी सर्व्हर, डिस्क आणि परवाने यांचा खर्च त्याला गिळतो. कॉम्प्युटरसोबत आलेला विंडोजचा परवाना सर्व्हरवरच्या डेस्कटॉपला लागू पडत नाही, हे तर बहुतेकांना सही करण्याच्या आदल्या दिवशी कळते.

आता आकडा. त्या मंगल कार्यालयातल्या गृहस्थांच्या कारखान्यात मी पुढे आठवडाभर बसून आलो. एकशेवीसांपैकी ऐंशी जण दिवसभर एकच सॉफ्टवेअर उघडून नोंदी करतात. तीस जणांकडे एक्सेल, मेल आणि ब्राउझरची वर्दळ असते. दहा जण आराखडे काढणारे, त्रिमितीय मॉडेल फिरवणारे. एका सर्व्हरवर अनेक सत्रे चालवताना एका व्हर्च्युअल प्रोसेसरमागे, म्हणजे सर्व्हरच्या प्रोसेसरशक्तीच्या एका वाट्यामागे, हलक्या कामाचे सहा आणि मध्यम कामाचे चार वापरकर्ते धरावेत, असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन आहे. त्या हिशेबाने ऐंशी जणांना 14 आणि तीस जणांना 8, म्हणजे एकशेदहा माणसे 22 व्हर्च्युअल प्रोसेसरांत बसतात. उरलेल्या दहांना स्वतंत्र डेस्कटॉप हवा. प्रत्येकी चार धरले तरी 40 होतात, ग्राफिक्स कार्ड वेगळेच. दहा माणसे एकशेदहांच्या जवळजवळ दुप्पट खातात, आणि नुसता एकशेवीस हा आकडा ऐकून हे कोणालाही कळले नसते. मेमरी पहिल्या एकशेदहांना प्रत्येकी 3 जीबी आणि दहांना 16 जीबी धरली, म्हणजे 490 जीबी. दारावरचा गेटवे, सत्रे वाटून देणारा ब्रोकर आणि प्रोफाइलचा फाइल सर्व्हर मिळून आणखी साठेक.

यात सकाळी दहा वाजताची गर्दी मिसळावी लागते. दिवसभराची सरासरी कितीही सौम्य असली, तरी शिफ्ट सुरू होताना सगळे एकदम आत येतात, आणि आत येणे हे बसून काम करण्यापेक्षा कितीतरी जड असते : प्रोफाइल जोडले जाते, धोरणे लागू होतात, अँटिव्हायरस जागा होतो. फिरत्या तबकडीची वेगवान हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला जेमतेम दोनशे वाचन-लेखन करते. अशाच डिस्क असत त्या काळात या एका कारणाने अनेक प्रकल्प बुडाले. तबकडी नसलेल्या एसएसडी डिस्कमुळे ते संकट पुष्कळ ओसरले, पण यंत्रे नऊलाच उठवून ठेवणे आणि अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी मूळ प्रतीवर एकदाच करणे ही पथ्ये मी अजून पाळतो.

एवढे सगळे प्रत्येकी 32 कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्र काम करणारे भाग) आणि 384 जीबी मेमरीच्या दोन सर्व्हरांत आरामात मावते. म्हणून उत्तर : तीन. एक बंद पडला तरी उरलेल्या दोघांवर एकशेवीस जणांचे काम चालले पाहिजे. कारखान्याच्या मालकांनी तिसऱ्यावर बोट ठेवले, ठेवणारच होते. तो नुसता बसून राहणार काय, असे त्यांनी विचारले. तो बसून राहत नाही. भार तिघांवर वाटलेला असतो, आणि महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या निघाल्या, की पुढच्या दिवसांत एकेक सर्व्हर रिकामा करून, भर दुपारी, कोणालाही न उठवता, त्या चढवता येतात. दोनच सर्व्हर असते तर हेच काम रविवारी रात्री करावे लागले असते.